माठापर्यंत हात पोहोचू द्या

बालपणी शाळेत भीमरावाला तहान लागली तरी नळाला हात लावता येत नव्हता. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसला की तहानलेलेच. म्हणून तीन वर्षांच्या पोराने स्वतःच्या हाताने पाणी ओतून पिणे ही आपल्यासाठी किरकोळ गोष्ट नाही.

मारिया माँटेसरींनी पहिले बालगृह १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब कामगारवस्तीत काढले. त्यांच्या पद्धतीत सामान मुलाच्या उंचीचे असते. मूल स्वतः ओतते, सांडते, पुसते, बटणे लावते. बाई मध्ये पडत नाहीत. गरिबांच्या पोरांपासून सुरू झालेली ही पद्धत आज महागड्या शाळांच्या पाटीवर आहे आणि आपल्या पोरांच्या वाट्याला 'हाताची घडी, तोंडावर बोट'!

दोष अंगणवाडीताईंचा नाही. तुटपुंजे मानधन, अपुरी जागा आणि रजिस्टरांचा ढीग त्यांच्या माथी मारणाऱ्या सरकारला जाब विचारायला हवा.

पण माठ बुटक्या स्टुलावर ठेवायला कुठला जीआर लागतो? मित्रांनो, यंदा जयंतीच्या वर्गणीतून वस्तीच्या अंगणवाडीला छोटे तांबे-पेले द्या. सांडले तर सांडू द्या, हाती फडके द्या. आपल्या पोरांना पुन्हा कुणी वरून पाणी वाढू नये.

जय भीम!