अळीचे पंचांग

फवारणी करून दुसऱ्या दिवशी शेतात जावे, तर अळी पानावर जिवंत. शेतकरी म्हणतो, औषध खोटे निघाले. दुकानदार म्हणतो, यात आणखी एक मिसळा. बाटलीत नेमके काय होते आणि ते अळीच्या कोणत्या वयावर चालते, हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही. बाटलीत अळीची वाढ रोखणारे द्रव्य असेल, तर अळी दुसऱ्या दिवशी मरणारच नव्हती. पुढची कात टाकताना ती अडकते आणि मग मरते.

कृषी पदवीच्या परीक्षेसाठी आम्ही हे सारे पाठ केले, लिहिले आणि विसरलो. अर्थ लागला तो बांधावर आल्यावर.

अळीचे कातडे तिच्या अंगाबरोबर वाढत नाही. जुने टाकून नवे घ्यावे लागते. कात कधी टाकायची याचा हुकूम संप्रेरक देते. हे संप्रेरक अळीच्या छातीतल्या ग्रंथीत सुरू होते आणि त्याचा मूळ कच्चा माल अळीला स्वतः बनवता येत नाही. तो आपल्याच पिकाच्या पानातून घ्यावा लागतो. म्हणजे कच्चा माल इथेही शेतकऱ्याचाच, आणि फुकट! त्या मालापासून संप्रेरक पायरीपायरीने घडते. प्रत्येक पायरीवर एक विकर, म्हणजे एन्झाइम, कारागिरासारखे बसलेले असते. एक कारागीर नसला की माल पुढे सरकत नाही. पिकल्या केळ्याभोवती घोंगावणाऱ्या चिलटांत यातले एखादे विकर जन्मतः नसेल, तर जीव अंड्यातच खुंटतो. शास्त्रज्ञांनी त्या जनुकांना स्पूक, फँटम, शॅडो अशी भुताखेतांची नावे दिली आहेत.

दुसरे बालसंप्रेरक. ते मेंदूमागच्या दोन बारीक ग्रंथींतून येते. त्याचा हुकूम एकच, अजून अळीच राहा. ते रक्तात असताना कात टाकली तर अळी नुसती मोठी होते. ते संपल्यावर टाकली तर कोष होतो. शेवटच्या अवस्थेत अळीचे शरीर ते बनवणे थांबवते आणि उरलेसुरले मोडून टाकणारी विकरे कामाला लागतात.

याचा पुरावा कागदाने दिला. कारेल स्लामा हे शास्त्रज्ञ प्राग शहरातून अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले, तेव्हा सोबत लाल ढेकण्यांची एक युरोपी जात घेऊन गेले. तिथे ती पिल्ले वयातच येईनात. कात टाकून पुन्हा पिल्लेच होत आणि तशीच मरत. कारण निघाले डब्यात अंथरलेला कागद. तो ज्या झाडाच्या लगद्याचा होता, त्या बाल्सम फर झाडातच बालसंप्रेरकासारखे द्रव्य होते. लंडनच्या वर्तमानपत्राचा कागद घातला की पिल्ले नीट वाढत. हे १९६५ साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी आपल्या कपाशीवरच्या लाल ढेकण्यावरही तोच परिणाम दाखवला गेला.

पांढऱ्या माशीवर मिळणारे पायरीप्रॉक्सिफेन याच बालसंप्रेरकाची नक्कल आहे. ते अंडी आणि पिल्लांवर चालते, उडती माशी त्याने मरत नाही. आपल्या निंबोळीतले अॅझाडिरॅक्टिन मेंदूचा निरोप अडवते, त्यामुळे कातीचे संप्रेरक उशिरा किंवा अपुरे येते. म्हणून पाच किलो निंबोळीचा शंभर लिटर पाण्यातला अर्क ज्वारीवरच्या लष्करी अळीला ती लहान असतानाच गाठतो. पोंग्यात शिरून करंगळीएवढी झालेली अळी त्याला दाद देत नाही. अर्क उन्हात टिकत नाही, तेव्हा फवारणी संध्याकाळी करावी.

गुलाबी बोंडअळीपुढे तर यातले कोणतेच चालत नाही, कारण ती बोंडात बसलेली. हंगाम सरताना पूर्ण वाढलेली अळी कातीचा हुकूमच थांबवून सरकीत झोपी जाते आणि पुढच्या पावसाळ्याची वाट पाहते. फरदड ठेवणे म्हणजे तिला अंथरूण घालून देणे. हे बोलणे कडू लागेल, पण फरदडीचे चार पैसे पुढच्या हंगामात ती व्याजासकट वसूल करते.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यामागे कारणे अनेक होती. दुकानाच्या फळीवर ठरणारी मिश्रणे हे त्यातले एक. संयमाने वापरायचे द्रव्य घाईने वापरायला लावायचे, ते फसले की जहाल विष गळ्यात मारायचे, आणि शेवटी शेतकऱ्यालाच अडाणी म्हणायचे! आमची मागणी साधी आहे. अळीच्या कोणत्या वयावर मारायचे आणि परिणाम किती दिवसांनी दिसेल, ही दोन वाक्ये प्रत्येक बाटलीवर ठळक मराठीत छापा. बियाण्यापासून बाटलीपर्यंत आम्ही रोख मोजतो, तेव्हा ही माहिती आमच्या हक्काची आहे.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने यंदाच्या फवारण्यांची वही आणावी. त्यात तारीख, बाटलीवरचे नाव, त्या दिवशी अळी केवढी होती आणि चौथ्या-पाचव्या दिवशी काय दिसले, एवढे लिहिलेले असावे. रिकाम्या बाटल्या मात्र आणू नयेत.