सोबती आणि सेवक

गोंदिया जिल्ह्यातील बिरसी हे गाव धानाच्या बांध्यांमध्ये वसलेले आहे. पावसाळ्यात चिखलणीच्या दिवसांत तेथे बैलांची आणि हेल्यांची जोडी आजही कोठे कोठे दृष्टीस पडते. याच गावाच्या शिवारात, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली इंग्रज सरकारने एक धावपट्टी बांधली. पुढे तेथे वैमानिकांना शिक्षण देणारी संस्था आली आणि २०२२ साली प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. ज्या शिवारात बैलांच्या घंटा वाजत, तेथे आता विमानांचा घोषही ऐकू येतो.

समजा, या विमानतळाच्या दाराशी एके सकाळी दोन प्रवासी उभे आहेत. एक आहे अंध तरुण. त्याच्याजवळ एक कुत्रा असून त्याच्या पाठीवरील पट्ट्यांना एक ताठ मूठ जोडलेली आहे. ती मूठ तरुणाच्या डाव्या हातात आहे. दुसरी आहे एक मुलगी. तिला विमानाची अतिशय भीती वाटते. तिचा कुत्रा मांडीवर असला म्हणजे ती भीती पुष्कळ कमी होते, म्हणून तिने त्याला बरोबर आणले आहे. दोन्ही कुत्रे गुणी आहेत आणि दोघांवरही त्यांच्या धन्यांचे प्रेम आहे. मग दारावरच्या अधिकाऱ्याने दोघांनाही सारखाच न्याय लावावा काय?

पुष्कळांना वाटेल, लावावा. प्रेमाप्रेमात भेद कसला? परंतु येथे प्रश्न प्रेमाचा नाहीच. प्रश्न आहे तो शिक्षणाचा आणि कामाचा.

अंधाला वाट दाखवणाऱ्या कुत्र्याचे काम वाटते तितके सोपे नसते. कोठे जायचे हे कुत्र्याला ठाऊक नसते. ते धन्याला ठाऊक असते. उजवीकडे वळ, पुढे चल, अशा आज्ञा तो देतो. पायरी आली की थांबणे, खड्डा चुकवणे, डोक्याला लागेल अशी खाली आलेली फांदी टाळून माणसाला बाजूने नेणे, हे कुत्र्याचे काम. कुत्रा स्वतः त्या फांदीखालून सहज जाऊ शकतो. तरीही धन्याच्या उंचीचा विचार त्याने करावा, असे त्याला शिकवलेले असते. याहूनही कठीण असा एक धडा आहे. धन्याने पुढे जाण्याची आज्ञा दिली आणि समोरून गाडी येत असली, तर ती आज्ञा त्याने मोडायची असते! आज्ञा केव्हा पाळावी हे पुष्कळ प्राण्यांना शिकवता येते. केव्हा मोडावी हे शिकवण्यास मात्र महिनेच्या महिने लागतात, आणि शिकू लागलेल्या कुत्र्यांपैकी कित्येक त्या कसोटीस उतरत नाहीत.

हे शिक्षण शाळा काढून देण्यास आरंभ झाला तो पहिल्या महायुद्धाच्या काळात. युद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे १९१६ साली अशी शाळा निघाली. पुढे मॉरिस फ्रँक नावाचा एक अंध अमेरिकन तरुण स्वित्झर्लंडला गेला आणि बडी नावाच्या कुत्रीबरोबर चालण्याचे शिक्षण घेऊन १९२८ साली मायदेशी परतला. न्यूयॉर्कच्या एका अत्यंत वर्दळीच्या रस्त्यावर, वार्ताहरांच्या देखत, तो बडीच्या साहाय्याने सुखरूप पलीकडे गेला. पण रस्ता ओलांडणे एक वेळ सोपे होते. दारे ओलांडणे कठीण होते. आगगाडीच्या डब्यात, उपाहारगृहात, वसतिगृहात कुत्र्याला मज्जाव असे. ते मज्जाव उठावेत म्हणून फ्रँक वर्षानुवर्षे झटला. कुत्रा आत आला तरी तो भुंकणार नाही, पंक्तीत तोंड घालणार नाही, कोणाच्या अंगावर जाणार नाही, असा विश्वास एकेका दारवानाच्या मनात निर्माण करावा लागला.

आता मुलीच्या कुत्र्याकडे वळावे. दुःखी किंवा भ्यालेल्या मनुष्याला मुक्या प्राण्याच्या स्पर्शाने धीर येतो, हे कोणी नाकारू नये. घरात एकटी राहणारी आजी मांजराशी दिवसभर बोलत असते. त्या बोलण्याने तिचा दिवस सरतो. अशा प्राण्याला भावनिक आधार देणारा प्राणी असे म्हणतात. तो जवळ असतो, एवढेच पुरे असते. त्याला निराळे काही शिकवलेले नसते. हा काही त्याचा दोष नव्हे. सोबत ही थोडी गोष्ट आहे, असे ज्याला वाटते त्याने एकटेपण भोगलेले नसावे.

मात्र येथे एक घोटाळा होण्याचा संभव आहे. शरीराच्या व्यंगासाठी असतो तो सेवक आणि मनाच्या दुखण्यासाठी असतो तो सोबती, अशी वाटणी कोणी करील, तर ती चुकीची ठरेल. युद्धाहून परतलेल्या एखाद्या सैनिकाला रात्री भयंकर स्वप्ने पडतात. त्याला हलवून जागे करण्यास त्याच्या कुत्र्याला शिकवलेले असते. येथे दुखणे मनाचे आहे, पण काम ठरलेले आहे, आणि म्हणून तो कुत्रा सेवकच होय. ऐकू न येणाऱ्याला दाराची घंटा वाजल्याचे कळवणारा, चाकाच्या खुर्चीवरील मनुष्याच्या हातून पडलेली वस्तू उचलून देणारा, हेही सेवकच. उलटपक्षी, कितीही शिकलेला कुत्रा असला, तरी तो एका विशिष्ट मनुष्याची उणीव भरून काढत नसेल, तर तो या वर्गात बसत नाही. १९९३ साली मुंबईत बॉम्बस्फोट झाले, तेव्हा मुंबई पोलिसांच्या ‘जंजीर’ नावाच्या कुत्र्याने तीन हजार किलोंहून अधिक स्फोटक द्रव्य हुंगून शोधले आणि असंख्य माणसांचे प्राण वाचवले. २००० साली तो मरण पावला, तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. त्याची योग्यता फार मोठी. परंतु तो साऱ्या शहराचा राखणदार होता, एकाचे डोळे नव्हता.

हा भेद न पाळल्यास काय होते, हे अमेरिकेत दिसून आले. तेथे भावनिक आधाराच्या नावाखाली प्रवासी नाना प्रकारचे प्राणी विमानात नेऊ लागले. २०१८ साली तर न्यूअर्कच्या विमानतळावर एक बाई चक्क मोर घेऊन आली! मोराला विमानात प्रवेश मिळाला नाही, आणि लोक हसले. पण हसण्याजोगे नव्हते ते पुढेच होते. न शिकवलेले प्राणी विमानात भुंकत, चावत, आणि कधी कधी अंधांच्या शिकवलेल्या कुत्र्यांवरच धावून जात. शेवटी २०२० साली तेथील सरकारने नियम बदलला. दिव्यांग व्यक्तीसाठी विशिष्ट काम शिकवलेला कुत्रा तेवढा सेवाप्राणी समजावा आणि इतरांना विमान कंपन्यांनी घरचे पाळीव प्राणी मानले तरी चालेल, असे त्याने ठरवले.

आपल्या लाडक्या प्राण्याला खोटेच सेवक म्हणवून आत नेणारा मनुष्य मनाशी म्हणत असेल, यात कोणाचे काय गेले? गेले ते त्या अंध तरुणाचे गेले. फ्रँकसारख्यांनी दारादारांतून मिळवलेला विश्वास या लबाडीने खर्ची पडतो. दारवान एकदा फसला की पुढच्या खऱ्या कुत्र्याकडेही तो संशयाने पाहतो, आणि ज्याला दिसत नाही त्यालाच दाराबाहेर तिष्ठत उभे राहावे लागते. मुलीला कुत्र्यावाचून प्रवास करणे जड जाईल, हे खरे. पण ती चालू शकेल, जिना चढू शकेल, आपले आसन शोधू शकेल. तरुणाचा कुत्रा काढून घेणे म्हणजे त्याची वाटच काढून घेणे होय.

आपल्या देशात तर ही जपणूक अधिकच हवी. येथे बहुतेक अंध व्यक्ती पांढऱ्या काठीच्या आधारे चालतात. वाट दाखवणारे कुत्रे फार थोडे आहेत. शिवाय रस्त्यावर मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या असतात आणि त्यांच्यामधून शिकवलेल्या कुत्र्याने शांतपणे जाणे अवघड असते. तेव्हा लहान गावच्या विमानतळावर असा कुत्रा येईल, तो तेथील दारवानाने आयुष्यात पाहिलेला पहिलाच असण्याचा संभव आहे. त्याच्या आधी तेथे खोटा येऊन गेलेला नसावा.

बिरसीच्या मुलांना हा भेद समजण्यास विमानापर्यंत जाण्याचीही गरज नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला लोणी-हळद लागते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, आणि मुले आपापले लाकडी बैल सजवून मिरवतात. त्या लाकडी बैलावर मुलाचा जीव असतो. तो उशाशी घेऊनच ते झोपते. म्हणून काही कोणी त्याला बांधीत नेऊन नांगराला जुंपत नाही, आणि जुंपत नाही म्हणून कोणी त्याला टाकूनही देत नाही.

तेव्हा विमानतळाच्या दारावरील अधिकाऱ्याने दोघांनाही सौम्यपणे दोनच प्रश्न विचारावेत: हा कुत्रा तुमच्या कोणत्या अडचणीसाठी आहे, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे? तरुणाने उत्तर दिले की त्याला आत जाऊ द्यावे. मुलीने खरे तेच सांगावे आणि घरच्या प्राण्यांसाठी विमान कंपनीच्या ज्या अटी असतील, जे शुल्क असेल, ते पाळून जमल्यास आपला सोबती न्यावा. आणि रांगेतील इतर मुलांनी त्या अंध तरुणाच्या कुत्र्याला कितीही मोह झाला तरी कुरवाळू नये, त्याला हाक मारू नये, खाऊ दाखवू नये. कारण त्या घटकेस तो काम करीत असतो.