जुनी जॉयस्टिक, नवा संगणक

जी वस्तु चालत नाहीं ती बिघडलेलीच असते, असा आपला समज आहे. तो नेहमींच खरा नसतो, हें एका खेळण्याच्या उदाहरणानें दाखवूं इच्छितों.

अमेरिकेंतील अटारी कंपनीनें १९७७ सालीं दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खेळावयाचें एक यंत्र विक्रीस काढलें. त्याच्या जॉयस्टिकची रचना अगदीं साधी आहे. आंत पांचच स्विच: चार दिशांचे चार व लाल बटणाचा एक. दांडा ज्या बाजूस झुकवावा त्या बाजूची तार एका सामाईक तारेस जोडली जाते. तिरपा झुकविल्यास दोन तारा एकदम जोडल्या जातात. आजच्या संगणकास मात्र तिचें नऊ छिद्रांचें टोंक बसत नाहीं. तो १९९६ सालीं निघालेल्या यूएसबी पद्धतीनें, अंकांच्या भाषेंत बोलतो. दोन्ही वस्तु धडधाकट आहेत. उणीव आहे ती दुभाष्याची.

हें काम आर्डुइनो लिओनार्डोसारखा लहानसा बोर्ड करतो. पांच स्विचांच्या पांच व सामाईक एक अशा सहा तारा मीटरनें ओळखून त्यास जोडाव्या. एक अडचण येते. स्विच मिटतांना त्याचा धातु क्षणभर थरथरतो, आणि एकदां दाबलेलें बटण अनेकदां दाबल्यासारखें भासतें. म्हणून पहिल्या स्पर्शानंतरचे कांहीं सहस्रांश सेकंद दुर्लक्षावे, अशी आज्ञा बोर्डास लिहून द्यावी लागते.

पुष्कळ जण जुनी तार कापून बोर्ड जॉयस्टिकच्या पोटांतच बसवितात. दिसावयास तें नीटनेटकें खरें; परंतु माझ्या मतें तें योग्य नव्हे. नऊ पिनांचा जुळता सांधा विकत मिळतो. तो लावून बोर्ड बाहेर एका डबींत ठेवावा. मग तीच जॉयस्टिक आज संगणकास व उद्यां आपल्या मूळ यंत्रासही जोडतां येईल. तार आधींच तुटली असेल तर गोष्ट निराळी. धडकी तार मात्र कापूं नये.

पालक विचारतील, नवी जॉयस्टिक बाजारांत मिळत असतां हा खटाटोप कशाला? नवी आणल्यानें खेळ मिळेल, ज्ञान मिळणार नाहीं. या पांच स्विचांपाशीं बसलेला मुलगा किंवा मुलगी विजेचें मंडल कसें पुरें होतें हें स्वतःच्या हातानें शिकते. शिवाय, कोणतीही जुनी वस्तु टाकण्यापूर्वीं ती खरोखर बिघडली आहे काय, हें विचारण्याची संवय लागते. ती संवय खेळ संपल्यावरही उपयोगीं पडेल.