टोपीचा रंग

मांजरालाही शुगर होते का? वर्षभरात हा प्रश्न इतक्यांनी विचारला, की आता मी रागावत नाही. होते. विशेषतः खस्सी केलेल्या, सुटलेल्या, घरातच लोळत राहणाऱ्या वयस्क बोक्यांना. आमचा शेरू अगदी तसाच. पाण्याचं भांडं रिकामं करायचा, वाळूचा ट्रे भिजवून टाकायचा, पोटभर खाऊनही वाळत चालला होता. मागच्या टाचा जमिनीला टेकवून चालायला लागला, तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सकाळ-संध्याकाळ, बारा तासांच्या अंतरानं, ग्लार्जिन इन्सुलिनचं एकेक युनिट द्यायला सांगितलं.

नातेवाइकांत लगेच दोन तट पडले. एक तट म्हणाला, माणसांना औषधं परवडत नाहीत आणि तुम्ही बिल्लीला सुया टोचता! दुसरा कौतुक करणारा. मांजरावर प्रेम करणं किती सवाबाचं, हजरत अबू हुरैरा यांचं नावच मांजरावरून कसं पडलं, वगैरे. मला पहिल्या तटापेक्षा या दुसऱ्याचीच जास्त भीती वाटते. मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण सगळेच सांगतो. तिनं मांजराला खायला दिलं नाही आणि स्वतःचं अन्न शोधायला सोडलंही नाही. तिचा गुन्हा माया नसण्याचा नव्हे, ताब्यात घेऊन जबाबदारी न पाळण्याचा होता. दुसऱ्या मजल्यावरच्या खोल्यांत वाढलेला शेरू कुठं जाणार? आणि इन्सुलिनच्या बाबतीत ही जबाबदारी म्हणजे माया नसते, हिशेब असतो.

हा हिशेब मी एकदा चुकलो. अब्बांनाही इन्सुलिन आहे. त्यांची बाटली ४० ची, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. सिरिंज लाल टोपीची. शेरूची बाटली १०० ची, सिरिंज नारिंगी टोपीची. दोन्ही एकाच फ्रिजमध्ये. एका संध्याकाळी घाईत मी लाल टोपीची सिरिंज उघडून शेरूचं औषध एकाच्या खुणेपर्यंत ओढलं. अब्बा सोफ्यावरून ओरडले, "अरे, ये तो मेरी सुई है!" त्या एका खुणेत अडीच युनिट होती. उलटी चूक केली तर अब्बांच्या २० युनिटांऐवजी ८ च जातील. घरात एखाद्या माणसाला शुगर नाही असं घर आपल्या मोहल्ल्यात शोधावं लागेल. त्यामुळे माणूस आणि मांजर दोघांचं इन्सुलिन जिथं आहे, तिथं हा धोका कायमचा आहे.

जास्त गेलेलं इन्सुलिन परत काढता येत नाही. मांजर लडखडतं, निपचित पडतं, झटके येतात. अशा वेळी हिरड्यांना मध किंवा साखरेचं पाणी चोळायचं, शुद्ध नसेल तर घशात काही ओतायचं नाही, आणि लगेच डॉक्टरांकडे पळायचं. म्हणून माझं मत ठाम आहे: शंका आली की सुई थांबवा. औषध अंगात गेलं की केसांवरच सांडलं कळत नसेल, तर पुन्हा टोचू नका. मांजर जेवलं नसेल, तर आधी डॉक्टरांना फोन करा. एक वेळ शुगर जास्त राहिली तर सहसा निभावतं, फार खाली गेली तर तासाभरातही जीव जाऊ शकतो.

दवाखान्यात भीतीनंच मांजराची शुगर चढते, म्हणून घरी कानाच्या कडेला टोचून थेंब घ्यायला शिकलो. माणसांचं मशीन मांजराचा आकडा बहुधा कमी दाखवतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मोजणं आणखी एका कारणानं हवं. लवकर उपचार आणि पिठूळ पदार्थ कमी असलेलं खाणं मिळालं, तर काही मांजरांची इन्सुलिनची गरज संपतेही. तेव्हा कालचाच डोस आज घातक ठरतो.

"डुक्कर का तो नहीं ना?" हे खालाजाननं दबक्या आवाजात विचारलं. प्रश्न खुळा नव्हता. कुत्र्या-मांजरांसाठीचं एक इन्सुलिन खरोखर डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतं. ग्लार्जिन मात्र प्रयोगशाळेत जिवाणूंकडून बनवून घेतात. तेच मिळालं म्हणून चर्चा टळली. नसतं मिळालं तरी मी थांबलो नसतो.

रमजानमध्ये आपली घड्याळं सहरी-इफ्तारप्रमाणे सरकतात, शेरूचं सरकवता येत नाही. आम्ही सातची वेळ धरली. मगरीबची नमाज उरकून सुई, मग सावकाश जेवण. ईदला मात्र पाहुण्यांनी त्याला वाटीतलं शीरखुर्मा चाटवलं, आणि मी सगळ्यांसमोर आवाज चढवला.

अब्बांची बाटली आता फ्रिजच्या दारात असते, शेरूची मधल्या कप्प्यात, स्टीलच्या डब्यात. सात वाजले की अब्बा चष्मा लावून विचारतात, "टोपी कौनसी?" मी सिरिंज वर धरून दाखवतो.