निर्यातीच्या मेजावर कापूसउत्पादक कोठे आहे?

'निर्यातवाढ' हा शब्द उच्चारताच राष्ट्रहिताचा बोध व्हावा, अशी सवय राज्यकर्त्यांनी जनतेला लावली आहे. परंतु निर्यात कोणाची आणि भाव ठरवणार कोण, हे विचारण्याचा पहिला अधिकार कापूस पिकवणाऱ्याचा आहे. धाम नदीकाठच्या पवनारने हा प्रश्न विचारला, तर उत्तराचा शोध मँचेस्टरपर्यंत घेऊन जातो.

1857 साली मँचेस्टरच्या गिरणीमालकांनी 'कॉटन सप्लाय असोसिएशन' स्थापन केली. केवळ अमेरिकेच्या कापसावर विसंबणे त्यांना धोक्याचे वाटत होते. म्हणून हिंदुस्थानातून स्वच्छ, स्वस्त आणि विपुल कापूस यावा, यासाठी या संस्थेने रस्ते, लोहमार्ग व सरकारी मदतीचा तगादा लावला. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवीत हिंदी कापसाचे भाव भडकले. युद्ध संपताच ते कोसळले. 1867 मध्ये लोहमार्ग वर्ध्यावरून नागपूरला पोचला, तेव्हा तेजी ओसरली होती. 1872 मध्ये ती संस्था विसर्जित झाली. वऱ्हाड-वर्ध्याचा शेतकरी मात्र परक्या बाजाराच्या चढउताराला कायमचा जखडला गेला.

स्वराज्यात 1954 साली सूती वस्त्र निर्यात प्रोत्साहन परिषद निघाली. तिचे सभासद उत्पादक-निर्यातदार आणि व्यापारी-निर्यातदार. कच्चा माल स्वस्त राहण्यातच त्यांचे हित आहे. त्यांनी ते जपावे, यात नवल नाही. नवल याचे की, सरकार अशा हितसंबंधांनाच देशाचा आवाज समजते.

5 मार्च 2012 रोजी केंद्राने कापसाच्या निर्यातीवर बंदी घातली. खुद्द कृषिमंत्री शरद पवार यांनी आपल्याला विचारले नसल्याची तक्रार केली. जेथे कृषिमंत्र्याची ही कथा, तेथे पवनारच्या कोरडवाहू शेतकऱ्याची काय पत्रास? 2025 मध्ये चक्र उलटे फिरले. अमेरिकेच्या वाढीव जकातीच्या धास्तीने 19 ऑगस्टपासून कापसावरील 11 टक्के आयातशुल्क माफ झाले आणि ही सवलत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली गेली. नेमक्या याच महिन्यांत विदर्भाचा कापूस बाजारात येतो. भाव चढला की निर्यात रोखायची, गिरण्या अडचणीत आल्या की आयात मोकळी करायची. दोन्ही वेळा पडतो तो शेतकऱ्याचाच भाव.

गिरण्या चालल्या पाहिजेत, कामगाराची चूल पेटली पाहिजे, हे निर्विवाद. परंतु तो भार राष्ट्राच्या तिजोरीने उचलावा. कर्जबाजारी शेतकऱ्याच्या बोंडातून तो वसूल करणे हा समाजवाद नव्हे, लूट होय. महाराष्ट्राने 1972 साली कापूस एकाधिकार खरेदी योजना आणून वेगळी वाट चोखाळली होती. तिच्यातील गैरव्यवस्थेचे समर्थन कोणी करू नये. पण ती योजना मोडल्यावर शेतकऱ्याच्या हाती सौदाशक्तीचे कोणते साधन उरले, याचे उत्तर खुल्या बाजाराच्या भाटांनी द्यावे.

कापसाच्या व्यापारातून पुढे आलेल्या जमनालाल बजाज यांच्या पवनारच्या बंगल्यात 1938 साली विनोबा राहावयास आले. जेथे कापूस पिकतो तेथेच त्याचे सूत व कापड व्हावे, हा खादीचा आग्रह या परिसरात रुजला. त्या विचारातील अर्थशास्त्र विसरून केवळ त्याची पूजा करणे सोपे आहे. कार्यकर्त्यांनी सोप्या मार्गाने जाऊ नये. निर्यात परिषदांत उत्पादकांचे निर्वाचित प्रतिनिधी निम्मे असावेत, त्यांच्या संमतीवाचून ऐन हंगामात आयात-निर्यातीचे धोरण बदलू नये आणि पिंजणी-सूतकताईच्या सहकारी उद्योगांना जिल्ह्यातच भांडवल मिळावे, या तीन मागण्या गावोगाव नेल्या पाहिजेत. कापूस ज्याचा, त्याला मेजावर जागा मिळालीच पाहिजे.