परड्यातला उन्हाळा आणि शेपटीवाला राखणदार

‘हित्तल गिड मद्दल्ल’ ही कन्नड म्हण आपल्या सीमाभागातल्या मराठी घरांतही सहज तोंडी येते. परसातल्या झाडाला कुणी औषध मानत नाही. आपल्या भाषेत, पिकते तिथे विकत नाही! पण वाचकहो, परसातल्या झाडाला कुणी विषही मानत नाही, आणि घरात कुत्रा असेल तर खरी काळजी तिथेच आहे.

एप्रिलमध्ये निकाल लागले, की मेअखेरपर्यंत मुले घरात. उन्हामुळे कुत्र्याचे फिरणे कमी होते आणि त्याचाही मुक्काम दिवसभर परड्यातच पडतो. मग सुट्टीतली बागेची कामे त्याला धरूनच आखलेली बरी.

पहिले काम सावलीचे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो शरीर थंड ठेवतो. मुधोळ कुत्रा बागलकोट जिल्ह्यातला, घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेला, 2005 साली टपाल तिकिटावर झळकलेला. अंगाने सडपातळ, केस आखूड, आपल्या दख्खनच्या हवेत मुरलेला. तरी दुपारी त्यालाही सावली लागतेच. मग दाट केसांच्या पाहुण्या जातींचे काय सांगावे? चार बांबू रोवून वर नारळाच्या झावळ्या टाका आणि बांबूंच्या बुडाशी दोडक्याच्या बिया लावा. रोज पाणी मिळाले तर दीडेक महिन्यात वेल मांडवावर चढतो. सावली कुत्र्याला, भाजी घराला.

त्याच मांडवाखाली हातभर खोल खड्डा काढून वाळू भरा आणि ती ओलसर ठेवा. उन्हाळ्यात कुत्रे बहुधा गारव्यासाठीच माती उकरतात. त्याला स्वतःची जागा मिळाली, की मोगऱ्याचा वाफा वाचण्याची शक्यता वाढते. अगदी खात्री मात्र कुणी देऊ नये!

पाण्यासाठी जुना माठ कामाला येतो. तो गळ्यापर्यंत जमिनीत पुरा, भरा आणि वर झाकण ठेवा, म्हणजे डास होणार नाहीत. माठातून झिरपणारे पाणी मुळे हळूहळू ओढून घेतात. दोन-तीन दिवसांनी माठ पुन्हा भरला की झाले. वाफ्यावर वाळक्या पाल्याचा थर दिला, तर ओल आणखी टिकते. कुत्र्यासाठी वेगळी पसरट कुंडी सावलीत ठेवा. वीस किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला सुमारे लिटरभर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. हे पाणी दिवसातून दोनदा बदलायचे, हे काम घरातल्या सर्वांत लहान सदस्याकडे द्यावे. लहान मुले अशी कामे फार मनावर घेतात.

आता त्या विषाकडे वळू. कण्हेर, म्हणजे कन्नडमधली कणगिले, देवपूजेची म्हणून दारोदार असते. तिचे पान, फूल, फांदी सारेच विषारी. विषाचा घाला थेट हृदयावर. पिवळी कण्हेरही तशीच. शोभेच्या सायकसच्या बिया यकृत निकामी करतात. खत म्हणून घातलेल्या एरंडीच्या पेंडीच्या वासाने कुत्रा ओढला जातो आणि ती त्याच्या जिवावर बेतू शकते. त्याऐवजी चांगले कुजलेले शेणखत वापरा. झाडे तोडायलाच हवीत असे नाही. कुंपण घाला, छाटलेल्या फांद्या मात्र पडू देऊ नका. आणि आंब्याच्या दिवसांत कोयी झाकणाच्या बादलीतच टाका. गिळलेली कोय आतड्यात अडकली, तर शस्त्रक्रियेवाचून सुटका होत नाही.

फरशीचे ऊनही विसरू नका. हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसवणार नाही. धाप थांबत नाही, लाळ गळते, चाल अडखळते, अशी लक्षणे दिसली तर तो उष्माघात समजा. ताबडतोब सावलीत न्या, अंगभर साधे पाणी ओतत राहा, पंखा लावा आणि मगच जनावरांच्या डॉक्टरांकडे धाव घ्या. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, उष्णता आत कोंडते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

आणि एक प्रकल्प खास आपल्या दुभाषी घरांसाठी. पत्र्याच्या किंवा लाकडाच्या लहान पाट्या करून मुलांनी प्रत्येक झाडाचे नाव दोन्ही भाषांत लिहावे. मोगरा – मल्लिगे, जास्वंद – दासवाळ, कडुलिंब – बेवु, कण्हेर – कणगिले. कुत्र्याला घातक असलेल्या झाडाच्या पाटीवर लाल ठिपका द्यावा. नाव अडले तर आजीला विचारावे. आईकडची एक भाषा सांगेल, वडिलांकडची दुसरी. सुट्टी संपेपर्यंत मुलांना परडे पाठ होईल आणि लाल ठिपका पाहून पाहुणाही सावध होईल.

एवढी तयारी झाली, की उन्हाळा सुखाचा. संध्याकाळी झाडांना पाणी घालताना पाइपच्या धारेत कुत्र्यालाही भिजवा. तो अंग झाडेल, मुले ओरडतील, तापलेल्या लाल मातीचा वास सुटेल. वळीव येईपर्यंत आपला पाऊस हाच!