काळोखाची वकिली

दिवाळी अंकासाठी लेख मागितला जावा आणि आपण त्यात काळोखाची बाजू मांडावी, हे काही शुभशकुनाचे नाही. पुढ्यात फराळाचे ताट आहे, दारी आकाशकंदील डुलतो आहे आणि हा मास्तर सांगतो आहे की दिवे मालवा! पण वाचकहो, घाबरू नका. तुमच्या दारचा कंदील मला विझवायचा नाही. माझे भांडण निराळ्याच एका दिव्याशी आहे. तो तुमच्या घरात नाही. तुमच्यासाठी म्हणून आमच्या समुद्रावर लावलेला आहे.

मालवणच्या उत्तरेला तोंडवळी-तळाशीलची वाळूची पट्टी आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला गड नदीची खाडी आणि या दोहोंच्या चिमटीत माड, घरे, होड्या, सुकत घातलेली जाळी. एका दारात उभे राहिले की लाट ऐकू येते, मागच्या दारात गेले की खाडी दिसते. मालवणच्या दक्षिणेला देवबाग असेच, कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामध्ये. या पट्ट्या समुद्रानेच वाळू आणून रचलेल्या आणि मागच्या खाडीला त्यांनीच आडोसा दिलेला. येथली जमीन सातबाऱ्यावर कोणाच्याही नावाची असो, खरी ती उसनवारीची आहे. समुद्र देतो आणि मनात आले की नेतो.

ही वाळू धरून ठेवणारी एक वेल आहे. जांभळ्या फुलांची, जमिनीलगत पसरणारी. आमच्या लोकांनी तिला नाव दिले आहे मर्यादवेल. मी दहावीच्या पुढे शिकलेला नाही, पण एवढ्या एका नावात जे शहाणपण आहे ते मला पुष्कळ जाड पुस्तकांत सापडलेले नाही. हल्ली पाहुण्यांना पाय पसरायला स्वच्छ वाळू हवी म्हणून ती वेल उपटतात. मग पावसाळ्यात वाळू सरकते आणि मग बंधाऱ्याची मागणी होते. ज्याच्या चुलीपर्यंत लाट आली आहे त्याने दगड मागितले तर त्याला दोष देण्याची माझी छाती नाही. परंतु दगडावर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळूही ओढून नेते. बंधारा राहतो, पुळण जाते.

आणि त्याच पुळणीवर, साधारण दिवाळीनंतर, समुद्रातून एक बाई माहेरपणाला येते.

ऑलिव्ह रिडले कासवाची मादी. रात्री, भरतीच्या वर चढून, मागच्या पायांनी खड्डा काढते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते, अंग आपटून ती दाबते आणि मागे वळून न बघता निघून जाते. पुढे ४५ ते ६० दिवस वाळूची ऊबच आई. ही ऊब किती, यावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरते. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक. ही बाई येते तरी कोठून? २०२१ साली ओडिशात क्रमांकाचा बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत आमच्या गुहागरला अंडी घालताना सापडली. दक्षिणेचे टोक वळून, साडेतीन हजार किलोमीटरांची मजल! आणि आमच्या पाहुण्यांना मुंबईहून येताना घाटात दोनदा चहा लागतो.

पिल्ले बहुधा रात्री किंवा पहाटे बाहेर पडतात. समुद्र कोठे आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. जिकडे क्षितिज उजळ तिकडे धावायचे, एवढेच ती जाणतात. लाखो वर्षे हे गणित चुकले नाही, कारण रात्रीच्या किनाऱ्यावर आकाशाचा उजेड परत फेकणाऱ्या पाण्याहून उजळ दुसरे काहीच नव्हते.

आता आहे. गेल्या फाल्गुनात सातवीतली दोन मुले सकाळी धावत माझ्याकडे आली. एका लॉजच्या अंगणात पिल्ले पडली होती. मी गेलो. वाळूवर बारीक रेघांची पायवाट उमटली होती. सारी समुद्राकडे पाठ करून. शेवटी एक माड आणि माडावर समुद्राकडे तोंड करून लावलेला पांढरा दिवा, त्या वेळीही जळत असलेला. काही पिल्ले गटारात होती, काही कावळ्यांनी फोडली होती. जिवंत होती ती मुलांनी ओल्या गोणपाटाखाली ठेवली आणि कासवमित्राला हाक मारली. एका मुलीने मेलेली मोजायला सुरुवात केली आणि एकोणीसवर थांबली. मीही पुढे मोजली नाहीत.

मी तावातावाने मालकाकडे गेलो. येथे मोठी पंचाईत झाली. मालक माझाच जुना विद्यार्थी. त्याच्या बापाच्या बागेतले अकरा माड समुद्राने नेले. मासळीवर घर चालेना तेव्हा पोराने कर्ज काढून खोल्या बांधल्या. तो म्हणाला, "सर, दिवा मला हौस म्हणून नाय लावलेला. पाहुणे मोबाइलवर लिहितात, जागा चांगली पण बीचवर अंधार. एक तारा कमी देतात. त्या एका ताऱ्यावर माझा हप्ता आहे."

तेव्हापासून माझा राग पत्ता बदलून हिंडतो आहे, आणि आज तो तुमच्या दाराशी आला आहे.

शहाण्या माणसांचा एक लाडका सिद्धांत आहे की, जंगली जीव वाचवायचे तर तेथल्या माणसांना दूर सारा. १९८७ साली मालवणच्या समुद्रात सुमारे २९ चौरस किलोमीटरांचे सागरी अभयारण्य जाहीर झाले आणि ज्यांचे पोट त्या पाण्यावर, त्या मच्छीमारांचा त्याला तेव्हापासून विरोध आहे. त्यांना कासवांचे वैरी म्हणणे सोपे आहे. पण २०१८ साली महाराष्ट्रात योजना आली की जाळ्यात सापडलेले कासव, डॉल्फिन यांसारखे संरक्षित जीव जाळे कापून सोडणाऱ्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळेल. तेव्हा जाळी कोणी कापली? सिद्धांतवाल्यांनी नव्हे.

आणि वेळास! नाना फडणवीसांचे ते गाव. तेथे पूर्वी कासवाची अंडी उकरून नेत असत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रच्या मंडळींनी गावकऱ्यांना हाताशी धरले. अंडी कुंपणात राखू लागले. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. लोक मुंबई-पुण्याहून जातात, गावकऱ्यांच्या घरी जेवतात, ओटीवर झोपतात आणि पहाटे दोरीच्या मागे गुपचूप उभे राहून पिल्ले पाण्यात जाताना बघतात. "अंधार असला तर पाहुणा येणार नाही" म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

साता समुद्रापलीकडचे पाहिजे असेल तर तेही देतो, कारण आपल्याला परदेशचा दाखला असल्याखेरीज अक्कल पटत नाही. फ्लोरिडात सॅनिबेल नावाचे असेच वाळूचे बेट आहे. १९६३ मध्ये त्याला पूल जोडला गेला आणि इमारती उठू लागल्या. तेव्हा तेथल्या रहिवाशांनी १९७४ साली मतदान करून आपली स्वतंत्र नगरपालिका स्थापली. कशासाठी? किती बांधायचे हे बाहेरच्यांनी नव्हे, आपण ठरवावे म्हणून. कासवांच्या हंगामात तेथे समुद्राकडचे दिवे झाकायचे किंवा मालवायचे असा नियम आहे. वादळाने त्यांनाही सोडले नाही. २०२२ च्या सप्टेंबरात इयान आले आणि पूलच तोडून गेले. पण तेथल्या पाहुण्याला अंधाराबद्दल तक्रार करण्याची सोय नाही.

कोणी म्हणेल, मास्तर, कासवाचे लाड करता, माणसाला ठेच लागली तर? ठेच लागू नये म्हणून पायापाशी, बुटका, पिवळट, समुद्राकडून आड केलेला दिवा पुरतो. माडाच्या शेंड्यावरचा दिवा ठेच चुकवण्यासाठी नसतो. तो रात्री अकराला लाटेसमोर फोटो काढण्यासाठी असतो. आमच्या शेजारची म्हातारी काकी, जिचा नवरा आणि दोन मुलगे दर्यावर गेले, ती मला म्हणाली, "मास्तरानू, दर्यातलो माणूस काळोखाक भियणा नाय. काळोखात तारे दिसतत, होडी दिसता. ह्यो उजेड इलो आणि काय्येक दिसणा नाय." मी तिला विचारले, पाहुण्यांना हे सांगू का? ती म्हणाली, "सांगा. पण आदी जेवक घाला."

तेव्हा या सुटीत या. जेवा. सोलकढी दोनदा मागा. मर्यादवेल तुडवू नका. रात्री वाळूवर विजेरी फिरवू नका. कासव दिसलेच तर त्याच्या तोंडावर झोत टाकून पोराला पाठीवर बसवू नका. हे मी पाहिले आहे म्हणून लिहितो. आणि खोली घेताना मालकाला एवढेच विचारा की, समुद्राकडचा दिवा रात्री बंद असतो ना? बंद असेल तर मोबाइलवर तेच लिहा आणि एक तारा जास्त द्या.

माझ्या विद्यार्थ्याने माडावरचा दिवा गेल्या महिन्यात उतरवला. त्याच्या जागी अंगणात बुटका पिवळा बल्ब लावला आहे. पण जुना दिवा त्याने टाकून दिलेला नाही, पडवीत खुंटीला टांगून ठेवला आहे. पाडव्यापासून त्याच्या सातही खोल्या भरलेल्या आहेत.